गतवैभव कोणाचं? जुन्या सरकारी इमारतींच्या नूतनीकरणाकडे वडशातून पाहताना

पेट पास झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायची आहे आणि डोक्यात विषय आहे 'ऐतिहासिक शासकीय इमारतींचे जतन व आधुनिकीकरण'. असा किंवा याच्या आसपासचा विषय घेऊ पाहणाऱ्यांसाठी आजचा लेख आहे. विषय चांगला आहे. फक्त त्यात एक शब्द हमखास शिरतो आणि तो पहिल्याच पानावर सगळं संशोधन भलत्या वाटेला लावतो. तो शब्द म्हणजे 'गतवैभव'.

माझ्याही सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात उद्दिष्ट क्रमांक एक असं होतं: सदर इमारतींना त्यांचे गतवैभव प्राप्त करून देण्याच्या उपायांचा अभ्यास करणे. सादरीकरणात समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, कोणाचं वैभव? मी वडशाची. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी सिनॉप्सिस परत आली आणि खरं सांगायचं तर तिथूनच माझं वाचन सुरू झालं. या लेखात मी दोन गोष्टी वडशात बसून वाचून दाखवते. एक, इंटॅकची २००४ ची सनद. दोन, रेल्वेची अमृत भारत स्टेशन योजना. दोन्हींवर टीका आहे. पण टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, हे तुम्हाला माहीत आहेच.

वडसाच का?

वडसा म्हणजे देसाईगंज. वैनगंगेच्या काठचं गाव, नदीपलीकडे ब्रह्मपुरी. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं हे केंद्र. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की नाटकांची बुकिंग इथूनच होते. आणि गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन ही गावाची दुसरी ओळख. वडसा ते गडचिरोली या नव्या मार्गाचं काम चालू आहे, ते पूर्ण झालं की ही ओळख बदलेल.

'ऐतिहासिक सरकारी इमारत' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईचं हायकोर्ट, नागपूरचं विधानभवन, सीएसएमटी. वडसा नाही येत. पण सरकार नावाची गोष्ट जुन्या चांदा जिल्ह्यात पोहोचली ती घुमट आणि मनोरे घेऊन नाही. ती पोलीस ठाणं, तहसील कचेरी, डाक बंगला, वनविश्रामगृह, दवाखाना आणि स्टेशन या रूपात आली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेची नॅरोगेज आली, १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. एवढे थर. प्रत्येक थरातल्या सरकारनं काही बांधलं, काही जुनंच वापरलं, काही मोडलं.

या इमारती बहुतेक ठरावीक नकाशावर बांधलेल्या असत. बसकी, जाड भिंतींची, उंच छपराची, कवेलूची इमारत आणि पुढे व्हरांडा. एक पाहिली की दहा पाहिल्यासारखं. त्यामुळे वास्तुशैलीच्या निकषावर यादी करायला बसलं तर त्या तळाला जातात, किंवा यादीत येतच नाहीत. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो: यादीचा निकष चुकीचा की या इमारती खरंच बिनमहत्त्वाच्या?

सनद काय देते आणि कुठे थांबते

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली देशभरात साडेतीन हजारांहून थोडी जास्त स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. उरलेल्या अफाट वारशाचं काय, या प्रश्नातून इंटॅकची सनद आली. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ती असलीच पाहिजे, आणि नुसतं नाव टाकून नाही, वाचून.

तिचं मोल समजायचं तर आधी १९६४ ची व्हेनिस सनद वाचा. ती स्मारकांचा विचार मूळ दगड, मूळ चुना, मूळ लाकूड या अंगानं करते. अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्याहीआधी १९२३ मध्ये जॉन मार्शल यांनी आपल्याकडच्या पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची नियमपुस्तिका लिहिली होती. तिचाही कल जे उरलंय ते जपण्याकडे. इंटॅकच्या सनदेनं या परंपरेशी भांडण न करता एक वेगळी खिडकी उघडली. भारतात पुष्कळ वारसा 'जिवंत' आहे, वापरात आहे, तो राजमिस्त्री आणि स्थपतींच्या हातून पिढ्यानपिढ्या दुरुस्त होत आला आहे, तेव्हा त्या ज्ञानाला जतनात जागा हवी, हे तिनं मांडलं. 'जीर्णोद्धार' हा आपला शब्द तिनं सन्मानानं घेतला. सगळ्या कालखंडांची भर मानावी, हस्तक्षेप कमीत कमी असावा, केलेला बदल पुन्हा काढता यावा आणि नवं काम नवं म्हणून ओळखू यावं, ही तत्त्वंही तिच्यात आहेत.

आता टीका. सनदेच्या मनातला 'समाज' कोणता आहे ते शोधा. तो देवळाचा, घाटाचा, वाड्याचा समाज आहे. त्याचं आपल्या वास्तूशी नातं आहे, तिच्याबद्दल माया आहे, तिची दुरुस्ती करणारे कारागीर त्याच्यातलेच आहेत. तालुक्याच्या सरकारी इमारतीला असा समाज नसतो. तिथे येणारा माणूस सातबारासाठी येतो, जामिनासाठी येतो, तिकिटासाठी येतो. तिची दुरुस्ती करणारा कारागीर परंपरेनं येत नाही, निविदेनं येतो. मग सनदेचा सगळ्यात सुंदर भाग, म्हणजे समाज आणि कारागीर यांच्या हाती वारसा सोपवण्याचा, इथे लागूच होत नाही.

याचा अर्थ सनद चुकीची आहे असा काढू नका. तिच्या चौकटीत सरकारी इमारतीचा 'वापरणारा' नीट बसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ती जागा रिकामी आहे. संशोधनाला अशी रिकामी जागाच लागते.

व्हरांडा मोजा

ती जागा भरायची कशी? मी सुचवते ते साधं आहे. इमारतीच्या कमानी मोजण्याआधी व्हरांडा मोजा.

जुन्या कचेरीचा आराखडा समोर ठेवा. साहेबाची खोली कुठे, कारकुनाची खिडकी किती उंचीवर, लोक थांबतात कुठे, उन्हात की सावलीत, बसून की उभ्यानं, आत जायची दारं किती आणि ती कोणासाठी उघडतात? सरकार आणि माणूस समोरासमोर कसे यायचे याचा हा नकाशा आहे. कागदपत्रात तो असा स्पष्ट क्वचितच सापडतो, भिंतीत सापडतो. माझ्या मते अशा इमारतीचं ऐतिहासिक मूल्य मुख्यतः यात आहे. देखणेपण असलं तर वरचं बक्षीस.

व्हेनिस सनदेच्या पाचव्या कलमात याचा एक धागा मिळतो. समाजाला उपयोगी असा वापर चालू राहिला तर स्मारक टिकायला मदतच होते, पण त्या वापरासाठी मूळ मांडणी बदलू नये, असं ते कलम सांगतं. मांडणी हा शब्द पकडून ठेवा. नूतनीकरणात सगळ्यात आधी बळी जाते ती मांडणीच. जागा कमी पडते, मग व्हरांड्याला विटांची भिंत घालून केबिन किंवा रेकॉर्ड रूम काढली जाते. दर्शनी भागाला रंग लागतो, फोटो छान येतो आणि रांगेतला माणूस अंगणात उन्हात येतो. याला आपण 'आधुनिकीकरण' म्हणतो. माझ्या लेखी हे उलट्या दिशेनं जाणं आहे. इमारत नवी झाली आणि तिचं लोकांशी वागणं जुन्याहून जुनं झालं.

उलटही असतं. जुन्या पायऱ्यांशेजारी उतार केला, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं, खिडकीची उंची खाली आणून समोर बाकं ठेवली. मूळ मांडणीत बदल झालाच. पण तो कशासाठी झाला हे सांगता येतं, तो नवा आहे हे दिसतं आणि उद्या काढायचा म्हटलं तर काढता येतो. हा बदल सनदेच्या कसोटीवरही उतरतो आणि माणसाच्या कसोटीवरही.

जंगल खात्याचा बंगला आणि 'वैभव'

आता त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे येऊ. कोणाचं वैभव?

आपल्या भागातलं जुनं वनविश्रामगृह घ्या. सागवानी कैच्या, रुंद ओसरी, भोवती झाडी. पर्यटनासाठी सजवायला याहून चांगली वास्तू नाही. पण १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी या जंगलावरचा गावांचा वहिवाटीचा हक्क सरकारच्या मर्जीवर आणून ठेवला, आणि त्या कायद्याचा अंमल करणारा साहेब दौऱ्यावर आला की याच बंगल्यात उतरायचा. गोंड, माडिया गावांसाठी ही ओसरी निसर्गरम्य मुक्कामाची जागा नव्हती. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. त्या गावाच्या बाजूनं पाहिलं तर वनखात्याच्या बंगल्याचं 'गतवैभव परत आणणं' या वाक्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून बंगला पाडावा का? अजिबात नाही. पाडला तर पुरावाच गेला. तो जपावा, आणि त्याच्या भिंतीवर त्याचा पूर्ण इतिहास असावा: कोण इथे उतरायचं आणि कोण बाहेर थांबायचं. जतन म्हणजे कौतुक, हे समीकरण सोडता आलं पाहिजे. सरकारी इमारतीच्या बाबतीत तर सोडावंच लागतं.

स्टेशन: दर्शनी भाग आणि मागचा भाग

६ ऑगस्ट २०२३ ला अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या पुनर्विकासाची एकाच दिवशी पायाभरणी झाली. एकूण योजना तेराशेहून जास्त स्टेशनांची. वडसाही तिच्यात आहे. योजनेच्या उद्दिष्टांत काय काय आहे? स्टेशनची इमारत सुधारणं, प्रतीक्षालय, स्वच्छतागृह, लिफ्ट, दिव्यांगांसाठी सोयी, शहराच्या दोन्ही बाजूंना जोडणं, स्थानिक वस्तूंना दुकान.

आधी श्रेय देऊ. गडचिरोली, आरमोरी, कुरखेड्याहून बस पकडून रात्रीच्या गाडीला येणाऱ्या माणसाला बसायला चांगली जागा आणि स्वच्छ संडास हवा. हे ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं जतनावर लिहू नये. वर सांगितलेली व्हरांड्याची कसोटी लावली तर योजनेतले बरेच मुद्दे तिच्यावर उतरतात.

माझा आक्षेप क्रमावर आहे. अशा योजनांची जाहिरात दर्शनी भागाच्या चित्रानं होते. आधी संगणकावर काढलेलं प्रवेशद्वार येतं, मग बाकी. झाडीपट्टीच्या नाटकातला पडदा आम्हाला नवा नाही. राजवाड्याचा पडदा टाकला की राजवाडा होतो, आणि प्रेक्षकही ते मान्य करून बसतो. पण पहाटे पडदा गुंडाळून गाडीत टाकतात, पुढच्या गावाला. स्टेशनाचा दर्शनी भाग असा गुंडाळता येत नाही. तो बदलण्याआधी आत काय आहे याची नोंद व्हायला हवी, आणि ही नोंद योजनेचा ठळक टप्पा म्हणून समोर येत नाही.

नोंद कशाची? गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॅरोगेज म्हणून टाकली आणि १९९० च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. गेज बदललं की रुळांची पातळी बदलते, फलाटाची उंची बदलते, शेड बदलतात, वळणं बदलतात. म्हणजे या लाइनीवरच्या कुठल्याही स्टेशनावर एक मोठं नूतनीकरण आधीच होऊन गेलं आहे. आताचं दुसरं. पुढच्या वेळी गाडीची वाट बघत असाल तेव्हा हा अभ्यास करून बघा: कोणती भिंत कोणत्या काळातली? कुठे जुन्या जोत्याची पातळी दिसते? हे काम पुस्तकात बसून होत नाही.

शेजारचं उदाहरण बघा. नागपूर-नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये गेज परिवर्तनासाठी बंद झाली. नागपुरात मोतीबागला नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, ते चांगलंच आहे. पण इंजिन उचलून संग्रहालयात नेता येतं, स्टेशन नेता येत नाही. त्याचं जे काही व्हायचं ते जागेवरच होतं.

आणि सगळं संग्रहालय करून टाकणं हा उपाय आहे का? २०१७-१८ च्या सुमारास सीएसएमटीच्या मुख्यालयाच्या इमारतीचं संग्रहालय करावं असा प्रस्ताव पुढे आला होता. १८८८ ची, जागतिक वारसा यादीतली इमारत. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांच्या विरोधामागे नोकरीच्या सोयीचे प्रश्न होतेच, पण त्यात जतनाचाही एक खरा मुद्दा दडलेला आहे: जिथे आजही काम चालतं तिथून काम काढून घेतलं की इमारतीतली एक गोष्ट जाते, आणि ती कितीही पॉलिश केली तरी परत येत नाही.

चुना, सिमेंट आणि दरसूची

थोडं साहित्याबद्दल, कारण बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये हा भाग कच्चा असतो. जुनी भिंत चुन्याची असते. ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत अडकते, क्षार पृष्ठभागावर येतात, लोणा धरतो आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पडतं. आपल्याकडच्या पावसात तर नक्कीच. मग लोक म्हणतात, जुनी इमारत आहे, टिकणार कशी. ती जुनी म्हणून नाही पडत, दुरुस्तीमुळे पडते.

पण इंजिनिअरला दोष देऊन थांबू नका. सरकारी काम अंदाजपत्रकावर चालतं आणि अंदाजपत्रक दरसूचीवर. चुन्याच्या कामाचा सोयीचा दर समोर नसेल तर वेगळं दर-विश्लेषण करून मंजूर करून घ्यावं लागतं. मार्च जवळ आलेला असताना हे कोण करणार? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं २०१३ मध्ये वारसा इमारतींच्या जतनासाठी हस्तपुस्तिका काढली, ती जरूर वाचा. मात्र पुस्तिकेतलं तत्त्व तालुक्याच्या निविदेत उतरतं की नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचा.

कागद कुठे शोधाल

तुमच्या प्रकरणासाठी इमारतीइतकेच कागद महत्त्वाचे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका यांत कोणती भिंत केव्हा पाडली, कुठे नवं छप्पर आलं हे सापडतं. जुन्या काळासाठी लुसी स्मिथचा १८६९ चा चांदा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चं चांदा जिल्हा गॅझेटिअर हे दोन आधार आहेत. सरकारी दप्तरासाठी नागपूरचं पुरालेखागार. रेल्वेची गोष्ट आणखी पसरलेली: बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचला होतं आणि २००३ पासून आपली लाइन बिलासपूर मुख्यालयाच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे. म्हणजे वडशाचा इतिहास शोधायला नागपूर, बिलासपूर आणि कोलकाता अशी यात्रा करावी लागू शकते. वेळापत्रकात ती आधीच धरा.

आणि उशीर करू नका. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा माणसं गेली, मजले जळले आणि फायलीही जळल्या. तालुक्यात आग लागावीच लागत नाही. दुरुस्तीसाठी कार्यालय हलतं तेव्हा जुने गठ्ठे कुठे जातात, हा प्रश्न तुम्ही विचाराल तेव्हा उत्तर देणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

माझ्याच म्हणण्यातली अडचण

एक आक्षेप मला नेहमी येतो. गरीब जिल्हा आहे, लोकांना नवी इमारत हवी आहे, जुन्याचं कौतुक शहरी लोकांना परवडतं. आक्षेप खरा आहे. नवी इमारत मागणाऱ्याला वारशाची जाण नाही असं म्हणणं उद्धटपणाचं आहे. गळक्या छपराखाली नोकरी त्यानं केलेली असते. माझी कसोटी नव्या इमारतीलाही लागू आहे, लोक थांबतात कुठे हे तिथेही विचारा. पण एक कबुली द्यायला हवी: एखादी इमारत कधी सोडून द्यावी, याचं उत्तर माझी कसोटी देत नाही. त्यावर मी अजून वाचते आहे. तुमच्यापैकी कोणी तो प्रश्न उचलला तर मला आनंदच होईल.

सिनॉप्सिस दुसऱ्यांदा दिली तेव्हा उद्दिष्ट क्रमांक एक असं लिहिलं: निवडलेल्या इमारतींत नागरिक आणि शासन यांच्या समोरासमोर येण्याची मांडणी कशी होती आणि दुरुस्तीनंतर ती कशी बदलली, याचा अभ्यास करणे. वाक्य लांब झालं, कानाला गोडही नाही. पण कोणी 'कोणाचं?' असं विचारलं तर आता उत्तर देता येतं. तुमच्या मसुद्यात 'गतवैभव' असेल तर आजच तिथे पेन्सिलीनं एक गोल करा आणि टेप घेऊन जवळच्या कचेरीचा व्हरांडा मोजायला जा. रंगकाम सुरू व्हायच्या आत.